आमची जीपगाडी वायूवर चालूं लागली, त्याची हकीकत

आमच्या झाडीपट्टींत मोटारगाडी ही चैनीची वस्तु नव्हे. पावसाळ्यांत नदीकांठच्या माणसास जशी नाव, तशी आम्हांस गाडी. यंदां आमच्या घरच्या जुन्या जीपगाडीस पेट्रोलाच्या जोडीला वायूचें इंधन लावण्याचा योग आला. हें काम वरवर पाहतां मिस्त्रीचें. परंतु तें करीत असतां घरांत वाद झाला, पुस्तकें चाळावीं लागलीं, नागपूरच्या खेपा झाल्या, आणि स्वस्त व महाग या दोन शब्दांचा अर्थ आम्हांस थोडा अधिक कळला. शाळेच्या या वार्षिकाच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या स्वयंपाकघरांत वायूचा सिलिंडर उभा असतो अशा सर्वांस, ही हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें सादर करीत आहों.

दिघोरी हें आमचें गांव भंडारा जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, लाखांदूर तालुक्यांत आहे. भोंवतालीं सारा धानाचा मुलूख. पूर्वजांनीं बांधलेले तलाव, लहान लहान बोड्या, पायरीपायरीनें उतरत जाणाऱ्या बांध्या आणि त्यांना वेढणारे धुरे, असा येथील देखावा आहे. साकोलीकडे गेलें म्हणजे राष्ट्रीय महामार्ग लागतो व तेथून भंडारा आणि नागपूर गांठतां येतें. महामार्गावर कोणतीहि गाडी पळते. परंतु रोवणीच्या दिवसांत खत व माणसें बांधीपर्यंत पोंचवावयाचीं असलीं, किंवा एखाद्या टोलीवरून आजारी माणूस आणावयाचा असला, तर त्या डौलदार गाड्या सडकेच्या कडेलाच हात टेकतात. तेथें चारहि चाकांत जोर असलेली गाडी लागते.

जीप ही मूळची लढाईतली गाडी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यासाठीं विलिज व फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. लढाई संपल्यावर तोच नमुना शेतकऱ्याच्या कामास येईल, हें ओळखून विलिज कंपनीनें १९४५ मध्यें नागरी जीप काढली. आपल्याकडे त्याच वर्षीं स्थापन झालेल्या, व पुढें महिंद्र आणि महिंद्र या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीनें मुंबईस माझगांव येथें तिची जुळणी आरंभिली. तेव्हांपासून जंगलखातें, पोलीसखातें आणि खेड्यांतील जमीनदार यांची ती जिवाभावाची सोबतीण झाली. आमच्या आजोबांनीं घेतलेली जुनी पेट्रोलची जीप आजवर घरांत आहे. तिनें धानाच्या पोत्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्व कांहीं वाहिलें आहे.

तिला एकच अडचण होती. आणि ती कोणा एका गाडीची नसून त्या काळच्या बहुतेक सर्व पेट्रोल इंजिनांची आहे. अशा इंजिनांत कार्ब्युरेटर नांवाचें एक भांडें असतें. त्यांत पेट्रोलची पातळी एका ठराविक रेषेवर राहावी लागते. ती राखण्याचें काम एक तरंगता गोळा करतो. गच्चीवरील पाण्याच्या टाकींत जसा गोळा वर येऊन नळ बंद करतो, अगदीं तसा. जोंवर गाडी सपाट जमिनीवर आहे तोंवर हा गोळा प्रामाणिकपणें नोकरी बजावतो. परंतु गाडी एका अंगावर कलली, किंवा नाक वर करून उभ्या चढणीस लागली, कीं भांड्यांतील पेट्रोल एका बाजूस लोटतें आणि गोळ्याची फसगत होते. कधीं इंजिनास पेट्रोल मिळेनासें होतें; कधीं इतकें मिळतें कीं तें गुदमरतें. दोहोंचा परिणाम एकच. गाडी जेथें थांबूं नये, नेमकी तेथेंच थांबते.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका रात्रीं या अडचणीनें आमची कसोटी पाहिली. जवळच्या एका टोलीवरून निरोप आला. एका घरच्या सुनेस कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका सडकेवर येऊन उभी होती. परंतु सडक आणि टोली यांच्यामध्यें नाला होता व त्याचें पाणी वाढत होतें. बाबा जीप घेऊन निघाले. आम्हीहि बरोबर गेलों. जातांना नाला कसाबसा ओलांडला. परततांना मात्र पलीकडील कांठ चढत असतां, एका बाजूचीं चाकें घळींत व दुसऱ्या बाजूचीं दरडीवर अशी गाडी कलली आणि इंजिन बंद पडलें. पुन्हां चालू केलें, पुन्हां बंद पडलें. तिसऱ्या वेळीं तर गाडी हातभर मागें सरकली. टोलीवरील माणसें चिखलांत उतरलीं व त्यांनीं खांद्यानें ती वर लोटली. वीस मिनिटें गेलीं. तेवढ्या वेळांत सासूबाईंनीं सुनेचा हात एकदांहि सोडला नाहीं व एक शब्दहि उच्चारला नाहीं. पहांट होण्यापूर्वीं दवाखान्यांत मुलगी जन्मली. मायलेकी दोघी सुखरूप होत्या. गांवांत त्या मुलीचें कौतुक झालें. बाबा मात्र दोन दिवस कोणाशीं फारसे बोलले नाहींत. “माणसांनीं लोटली म्हणून चढली,” एवढेंच ते म्हणाले, “माणसें नसतीं तर?”

या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां ते वायूपाशीं येऊन पोंचले. अमेरिकेंत खडकाळ डोंगरांवर जीपगाड्या चढविणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं आपल्या गाड्यांचें पेट्रोल सोडून प्रोपेन नांवाचा वायू पत्करला, असें त्यांच्या वाचनांत आलें. कारण साधें आहे. वायूस पातळी नसते; म्हणून तरंगत्या गोळ्याचें प्रयोजन उरत नाहीं. गाडी कितीहि कलली तरी इंजिनाकडे जाणारा वायू कलत नाहीं.

हा प्रोपेन आहे तरी कोण? त्याचा व मोटारगाडीचा संबंध मोठा गमतीचा आहे. १९१० सालीं अमेरिकेंत एका मोटारमालकानें तक्रार केली कीं, विकत घेतलेलें पेट्रोल घरीं पोंचेपर्यंत उडून जातें आणि आपल्या पैशाची हवा होते. तेथील सरकारी खाणखात्यांतील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनीं त्या पेट्रोलची परीक्षा केली, तेव्हां त्यांतून उडून जाणाऱ्या पदार्थांत प्रोपेन व ब्युटेन हे वायू सांपडले. दाब दिला असतां हे वायू द्रव होतात व लोखंडी भांड्यांत साठवितां येतात. दाब काढला कीं पुन्हां वायु होतात. १९१३ मध्यें स्नेलिंग यांस या शोधाचें पेटंट मिळालें. जो पदार्थ पेट्रोलमधून निसटतो म्हणून तक्रार झाली, तोच पुढें पेट्रोलच्या जागीं बसला. आपल्या घरच्या सिलिंडरांत याच दोन वायूंचें मिश्रण असतें, आणि मोटारींस मिळतो तो वायूहि याच कुळांतला.

बेत ठरला, परंतु तो तडीस न्यावा कसा? येथें पहिला मोह समोर आला. बाजाराच्या गांवीं एका मिस्त्रीनें बाबांस सांगितलें, “नागपूरला जाण्याचें कारणच काय? घरचा सिलिंडर मागच्या बाजूस बांधतों, एक रबरी नळी ओढतों, दुपारपर्यंत गाडी तयार. खर्चहि जवळजवळ नाहींच.” हें ऐकून घरांत दोन पक्ष झाले. खर्चाचा आंकडा ज्यांनीं पाहिला होता त्यांस मिस्त्रीचें म्हणणें गोड लागलें, हें सांगण्यांत संकोच नको. गाडी कांहीं रोज नागपूरला जात नाहीं. वर्षांतून थोडीशी फिरते. तिच्यासाठीं एवढा व्यय कशाला?

त्या संध्याकाळीं आमच्या ओसरीवर चांगलीच सभा भरली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस सारें गांव आबाजी म्हणतें, त्यांनीं आपल्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, आपल्या देशांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. बसगाड्या बंद पडण्याची वेळ आली. तेव्हां गाडीस लोखंडी भट्टी जोडीत. तींत लांकडी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळीत आणि त्यापासून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवीत. निघण्यापूर्वीं बराच वेळ भट्टी पेटवून पंखा फिरवावा लागे, आणि चढ आला कीं उतारूंस खालीं उतरून चालावें लागे. “कोरशाच्या धुरावर गाड्या चालल्या गा, मंग गॅसवर कायले नाई चालनार?” असें म्हणून आबाजींनीं सर्वांस हंसविलें.

आबाजींचें म्हणणें खरें होतें. परंतु त्या कथेची दुसरी बाजूहि आहे. कोळशाच्या त्या वायूंत ज्वलनास उपयोगी पडणारा मुख्य भाग कार्बन मोनॉक्साइड हा असे. तो विषारी, आणि त्यास रंग नाहीं कीं वास नाहीं. कोंदट जागेंत भट्टी पेटविली असतां माणूस झोंपेंतल्या झोंपेंत दगावूं शकतो. पेट्रोलची निकड होती म्हणून लोकांनीं ती भट्टी पत्करली. निकड संपतांच तिला निरोप दिला. इंधन बदलतें तेव्हां केवळ खर्च बदलत नाहीं. धोक्याचा प्रकारहि बदलतो. नव्या धोक्याची ओळख करून घेतल्यावांचून नव्या इंधनास घरांत घेऊं नये, हा त्या काळचा धडा आहे.

आमच्या आजीनें मात्र रसायनशास्त्रास हातहि न लावतां वादाचा निकाल दिला. तिचें अर्धें आयुष्य लांकडाच्या धुरांत गेलें. तीस-चाळीस माणसांचा भात रोवणीच्या दिवसांत चुलीवर रांधतांना तिच्या डोळ्यांस जी धार लागे, ती आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. २०१६ सालीं केंद्र सरकारची उज्ज्वला योजना सुरू झाली. जिच्या घरीं आजवर लांकडाशिवाय दुसरें सरपण नव्हतें, अशा गरीब स्त्रीच्या घरीं वायू पोंचावा, हा त्या योजनेचा हेतु. आजी म्हणाली, “तो सिलिंडर चुलीचा आहे. चुलीचा घास गाडीले चारू नका.” सभेंत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

कायदाहि आजीच्याच बाजूचा आहे. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर हा स्वयंपाकासाठीं आहे. तो वाहनांत वापरणें गुन्हा ठरतो. मोटारींत द्रवीभूत वायू वापरण्याची मोकळीक २००० सालच्या मोटार वाहन कायद्यांतील दुरुस्तीनें मिळाली, आणि २००१ सालच्या आदेशानें त्याचे नियम ठरले. मान्यता मिळालेली सामग्री, गाडीस पक्की बसविलेली स्वतंत्र टाकी, आणि त्यासाठीं असलेल्या पंपावरच भरणा, असा त्याचा थोडक्यांत आशय आहे. पुष्कळांस वाटतें कीं हे नियम म्हणजे कचेरींतील कागदी कारभार. आम्ही त्यांचीं कारणें शोधूं लागलों तेव्हां प्रत्येक नियमाच्या मागें पदार्थविज्ञानाचा एकेक धडा उभा दिसला. त्यांपैकीं तीन येथें देतों.

पहिला धडा थंडीचा. हातावर थोडें स्पिरिट ओतलें तर तें उडून जातांना हात गार पडतो, हें विद्यार्थ्यांनीं अनुभवलें असेल. द्रवाचा वायु होतांना उष्णता लागते व ती जवळच्या वस्तूंतून ओढली जाते. प्रोपेन तर शून्याखालीं ४२ अंशांवरच उकळतो. घरच्या सिलिंडरांत द्रव तळाशीं असतो आणि वरचा वायु नळीनें शेगडीकडे जातो. शेगडीची भूक अल्प. म्हणून सिलिंडर फारसा गार होत नाहीं. मोटारीच्या इंजिनाची भूक तिच्या कितीतरी पट. तेवढा वायु वरून ओढूं लागलें तर सिलिंडर गारठतो, त्यावर दंव धरतें, आंतला दाब उतरतो आणि नेमक्या चढणीवर इंजिनाची उपासमार होते. यासाठीं मोटारीच्या टाकींतून वायु नव्हे, तर द्रवच बाहेर घेतात, व इंजिनास गार ठेवून स्वतः गरम झालेल्या पाण्याच्या शेजारीं एका पेटींत त्याचा वायु करतात. जी उष्णता एरवीं वायां जावयाची ती येथें कामास येते. ही पेटी दाबहि कमी करते, आणि इंजिन जेवढा श्वास घेईल तेवढाच वायु पुढें सोडते.

दुसरा धडा मोकळ्या जागेचा. टाकी शंभर टक्के भरावयाची नसते; ८० टक्के भरली कीं आंतील झडप आपोआप भरणा थांबविते. द्रवीभूत वायु उन्हानें फुगतो, आणि पाण्यापेक्षां पुष्कळच अधिक फुगतो. आमच्या विदर्भाचा वैशाख ज्यांनीं सोसला आहे त्यांस अधिक सांगणें नलगे. वर रिकामी जागा नसेल तर फुगणारा द्रव लोखंडासहि दाद देणार नाहीं. एका सिलिंडरांतून दुसऱ्यांत चोरून वायू ओतणाऱ्याजवळ ना हें माप असतें ना ही झडप.

तिसरा धडा जडपणाचा. स्वयंपाकाचा वायु हवेपेक्षां जड आहे. प्रोपेन सुमारें दीडपट, ब्युटेन सुमारें दुप्पट. तो निसटला तर धुरासारखा वर जात नाहीं. पाण्यासारखा खालीं उतरतो व खळग्यांत साचतो. द्रवाच्या एका मापापासून वायूचीं सुमारें अडीचशें मापें होतात, आणि हवेंत त्याचें प्रमाण दोन टक्के झालें तरी एक ठिणगी पुरते. म्हणून मोटारीच्या टाकीच्या झडपांभोंवतीं बंद डबी असते व तिची नळी गाडीबाहेर खालीं काढलेली असते. नळी तुटून वायु एकदम धांवूं लागला तर झडप स्वतः मिटते. इंजिन थांबलें कीं विजेवर चालणारी झडप वाट बंद करते. दोरीनें बांधलेल्या सिलिंडरास व रबरी नळीस यांपैकीं कांहीं नसतें. खडकावर आदळणाऱ्या, दर क्षणास हादरणाऱ्या जीपगाडींत, बसलेल्या माणसांच्या पाठीशीं तो ठेवावयाचा!

हें सर्व वाचीत असतां एका शाळेची हकीकत आमच्या दृष्टीस पडली. ती विद्यार्थ्यांस सांगणें आमचें कर्तव्य आहे. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत न्यू लंडन नांवाचें एक गांव आहे. तेलाच्या विहिरींमुळें तो भाग संपन्न झाला होता व तेथील शाळाहि मोठी ऐपतीची होती. थंडींत वर्ग ऊबदार ठेवण्यासाठीं शाळा वायू विकत घेत असे. तेलविहिरींजवळ नको असलेला वायू फुकट जात असतो. तोच नळांतून घेतला तर दरमहा पैसे वांचतील, असा विचार करून तो जोडण्यांत आला. त्या वायूस वास नव्हता. तो गळून इमारतीच्या तळाशीं साचत गेला व कोणास कळलें नाहीं. १८ मार्च १९३७ रोजीं दुपारीं, शाळा सुटण्याच्या सुमारास, कार्यशाळेंतील एका विजेच्या यंत्राची ठिणगी उडाली. सुमारें तीनशें विद्यार्थी व शिक्षक एका क्षणांत गेले.

त्या घटनेनंतर टेक्ससमध्यें वायूस मुद्दाम दुर्गंध देण्याचा कायदा झाला, आणि ती प्रथा पुढें सर्वत्र पसरली. आपल्या सिलिंडरास जो कुजकट वास येतो तो वायूचा स्वतःचा नव्हे. तो मर्कॅप्टन नांवाच्या द्रव्याचा आहे, आणि गळती कळावी म्हणून तो थोडासा मिसळलेला असतो.

ही हकीकत बाबांनीं ओसरीवर वाचून दाखविली. वाचून झाल्यावर त्यांनीं बाजारच्या मिस्त्रीस नकार कळविला. त्यांचें म्हणणें असें: “आपण गाडींत एकटे बसत नाहीं. टोलीवरचीं माणसें विश्वासानें लेकीसुना बसवितात. त्यांनीं कधीं विचारलें नाहीं कीं मागें काय बांधलें आहे. ते विचारीत नाहींत, म्हणूनच आपण विचारलें पाहिजे.” खर्चाकडे पाहणाऱ्या पक्षानें, म्हणजे आमच्या धाकट्या काकांनीं, यावर वाद घातला नाहीं, उलट नागपूरच्या पहिल्या खेपेस तेच गाडी हांकीत गेले.

नागपूर शहराचा या विषयाशीं एक विशेष संबंध आहे. पेट्रोल, स्फोटकें व दाबाखालील वायू यांच्या सुरक्षिततेची देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘पेसो’ या संघटनेचें मुख्य कार्यालय तेथेंच आहे. देशांतील अशा टाक्यांच्या मान्यतेचे नियम आमच्या शेजारच्या शहरांतून चालतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. अधिकृत कार्यशाळेंत आमच्या इंजिनाच्या आकारास कोणती सामग्री मान्य आहे, हें प्रथम पाहण्यांत आलें. मग काम सुरू झालें. मागील बाकाच्या पाठीशीं टाकी पोलादी पट्ट्यांनीं सांगाड्यास आवळली. चाकांचा चिखल व दगड लागणार नाहींत अशा रीतीनें तांब्याची नळी ओढली. पाण्याच्या नळ्यांस वायूची पेटी जोडली. कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं मिश्रणाचें कडें बसविलें. समोर एक लहानशी कळ लावली: एकीकडे पेट्रोल, दुसरीकडे वायू. साबणाचें पाणी लावून प्रत्येक सांधा तपासला. जेथें बुडबुडा दिसेल तेथें गळती. हा प्रयोग कोणत्याहि विद्यार्थ्यास समजेल इतका सोपा आणि तितकाच खात्रीचा आहे. शेवटीं गाडीच्या नोंदणीपुस्तकांत इंधनाचा बदल लिहून घेतला. लोखंडाच्या कामापेक्षां कागदाच्या कामास अधिक दिवस लागले; पण ते दिवस आम्हांस खटकले नाहींत.

कार्तिकांत धानाची कापणी सुरू झाली आणि नाल्याचें पाणी घोट्यापर्यंत उतरलें, तेव्हां आम्हीं गाडीची परीक्षा घेतली. परीक्षा न्याय्य असावी म्हणून प्रथम पेट्रोलवर गाडी त्याच दरडीस लावली. पूर्वीं जेथें कलली तेथेंच ती कलली, आणि दोन आचके देऊन गप्प झाली. मग ती मागें घेतली, कळ फिरविली, आणि वायूवर पुन्हां चढविली. तेंच घळ, तेंच दरड, तेंच कलणें. इंजिनाचा आवाज बदलला नाहीं. मध्यावर बाबांनीं मुद्दाम गाडी थांबविली व इंजिन चालू ठेवून चांगलीं पांच मिनिटें तशीच कललेली उभी केली. नंतर ती सावकाश वर आली. बांधींत कापणी करणाऱ्या बाया विळे थांबवून पाहत होत्या, त्यांच्यापैकीं एक मोठ्यानें म्हणाली, “आतां ढकलाचं काम गेलं!”

हिशेब प्रामाणिकपणें मांडावयाचा तर सर्वच बाजू उजळ नाहींत. वायूवर इंजिनाचा जोर किंचित् कमी भासतो, कारण वायु स्वतः जागा व्यापतो व तेवढी हवा आंत कमी जाते. एका लिटर द्रवीभूत वायूंत एका लिटर पेट्रोलच्या सुमारें पाऊणपट उष्णता असते. म्हणून त्याच अंतरास लिटर अधिक लागतात. टाकीनें सामानाची जागा अडविली. वायूचा पंप गांवोगांवीं नसतो; यासाठीं पेट्रोल काढून टाकलें नाहीं, व थंड इंजिन आजहि आम्ही पेट्रोलवरच सुरू करतों. टाकीची ठराविक मुदतीनें तपासणी करून घ्यावी लागते. गाडी आतां बंदिस्त खोलींत न ठेवतां चहूंकडून मोकळ्या मांडवाखालीं ठेवतों. उलट पक्षीं, वायु स्वच्छ जळतो, आंत काजळी थोडी धरते, आणि इंजिनाचें तेल लवकर बिघडत नाहीं. पैशाच्या दृष्टीनें पाहिलें तर आमच्यासारख्या थोडी धांवणाऱ्या गाडीचा खर्च वसूल होण्यास पुष्कळ वर्षें लागतील. केवळ बचतीसाठीं हें काम करूं इच्छिणाऱ्यांनीं आधीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें, अशी आमची सूचना आहे. आम्हीं तें बचतीसाठीं केलें नाहीं. श्रावणांतल्या त्या वीस मिनिटांसाठीं केलें.

या सर्व खटाटोपांत आम्हांस एक गोष्ट पटली. वस्तु स्वस्त मिळते तेव्हां तिच्या किंमतीचा उरलेला भाग कोणीतरी दुसरा भरीत असतो. घरगुती सिलिंडर गाडीस बांधणाऱ्याची बचत एखाद्या गृहिणीच्या शेगडींतून येते, आणि तिच्या धोक्याचा वाटा पाठीमागें बसलेल्या अजाण माणसाकडे जातो. न्यू लंडनच्या शाळेनें दरमहा जे थोडे डॉलर वांचविले ते कोणीं भरले, हें वर सांगितलेंच आहे. म्हणून कोणतीहि वस्तु स्वस्त म्हणून पुढें आली कीं आधीं विचारावें: बाकीची रक्कम कोण भरणार? उत्तर समाधानकारक असेल तर ती खुशाल घ्यावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं फार थोड्यांच्या घरीं जीपगाडी असेल. परंतु स्वयंपाकाचा वायू बहुतेकांच्या घरीं आहे. त्याचा वास आला तर दिवा लावूं नका व लागलेला दिवा विझवूंहि नका. कळ दाबतांना ठिणगी उडते. आगपेटी दूर ठेवा. शेगडी व सिलिंडर दोन्ही बंद करा, दारेंखिडक्या उघडा, घरांतील माणसांस बाहेर न्या, आणि मगच मदतीस हांक मारा. तो वास नाकास नकोसा वाटतो हें खरें. परंतु तुमच्याच वयाच्या शेंकडों मुलांमागें तो वास या जगांत आला आहे, हें ज्यास ठाऊक आहे, तो त्याच्याकडे दुर्लक्ष करणार नाहीं.